टॅरँट्युलाचं पिल्लू खात नाही? तपासणी पोटापासून सुरू करा

परवापर्यंत रातकिडा खाली टेकायच्या आत झडप घालणारं टॅरँट्युला कोळ्याचं पिल्लू आज त्याच रातकिड्याचा पाय लागला तरी मागे सरकतं. किडा दुसऱ्या दिवशी तसाच फिरत असतो. बिळाचं तोंड जाळ्यानं किंवा मातीनं बुजवलेलं दिसतं. पिल्लू दिवसचे दिवस एकाच जागी बसून राहतं, रंग मळकट होतो, पोट मात्र टम्म आणि चकचकीत. मला जे निरोप येतात त्यांतल्या बहुतेकांत याच गोष्टी असतात. गेल्या काही वर्षांत माझ्या स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या पिल्लांसाठी ही एकच तक्रार मी इतक्या वेळा निस्तरली आहे, की तपासणीचा क्रम आता ठरून गेला आहे. तोच इथे देतो.

त्याआधी लक्षणांचा दुसरा गट नीट वाचा, कारण त्यात थांबायला वेळ नसतो. पोट सुरकुतून पुढच्या टणक भागापेक्षा लहान झालं आहे. पाय पोटाखाली मुडपले आहेत आणि हलवले तरी पसरत नाहीत. तोंडाजवळ पांढरा, चिकट लगदा दिसतो. चालताना झटके येतात, पाय एकमेकांत अडकतात. यांपैकी काहीही दिसत असेल तर मधला भाग सोडा. पाय मुडपले असतील किंवा पोट सुरकुतलं असेल तर 'पाणी' या भागात जा, बाकी लक्षणांसाठी थेट शेवटच्या भागात.

पोट बघा

याला पैसे लागत नाहीत आणि डबाही उघडावा लागत नाही. कोळ्याचं शरीर दोन भागांचं असतं. पुढचा टणक भाग, ज्याला पाय जोडलेले असतात, आणि मागचं मऊ पोट. पुढचा भाग कवचाचा असल्यामुळे दोन कातींच्या मध्ये तो वाढत नाही. पोट मात्र खाण्यापिण्यानुसार फुगतं आणि आक्रसतं. म्हणून पिल्लू उपाशी आहे की भरलेलं, हे या दोन भागांच्या तुलनेतून कळतं. पोट पुढच्या भागाएवढं किंवा त्याहून मोठं असेल तर पिल्लाजवळ साठा आहे. तीन आठवडे झाले, पाच आठवडे झाले, हा आकडा एकट्यानं काहीच सांगत नाही.

पोट मोठं, ताणलेलं, चमकदार आणि पिल्लू सुस्त असेल तर ते कात टाकायच्या तयारीत आहे असं धरा. माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बहुतेकींचं उत्तर इथेच मिळालं.

कातीच्या आधी ते का खात नाही, हे समजलं की जीव थोडा शांत होतो. टॅरँट्युला कात टाकतो तेव्हा फक्त बाहेरची कातडी जात नाही. सुळ्यांचं आवरण, तोंडाच्या आतलं अस्तर आणि द्रव शोषून घेणाऱ्या जठराचं अस्तरसुद्धा त्याच कातीबरोबर बाहेर येतं. जुन्या अस्तराखाली नवं तयार होत असताना खाणं त्याला धोक्याचं असतं. ते खात नाही तेव्हा ते बिघडलेलं नसतं, त्याचं काम चालू असतं.

अमेरिका खंडांतल्या बहुतेक जातींच्या पाठीवर, पोटाच्या वरच्या बाजूला खाजरे केस असतात. ते झडून तिथे टक्कल पडलं असेल तर त्या जागेकडे लक्ष ठेवा. एरवी ती फिकट दिसते. कात जवळ आली की खाली नवे केस तयार होतात आणि जागा काळीभोर दिसू लागते. इथे एक गफलत फार होते. ब्रॅकिपेल्मा किंवा टलिल्टोकॅटल या टॅरँट्युलाच्या गटांतल्या अगदी लहान पिल्लांच्या पोटावर काळा ठिपका मुळातच असतो. तो पाहून 'कात आली' असं ठरवू नका. ठिपका आहे की नाही यापेक्षा आसपासची कातडी ताणली का, तिला चमक आली का, हे पाहा. दर आठवड्याला एकाच कोनातून फोटो काढून ठेवलात तर हा फरक सहज दिसतो.

हा उपास किती चालतो, ते जातीवर आणि वयावर अवलंबून आहे. नखाएवढ्या पिल्लाचा काही दिवसांत किंवा दोन-तीन आठवड्यांत संपतो. ब्रॅकिपेल्मा, ग्रामोस्टोला या सावकाश वाढणाऱ्या जातींची थोडी मोठी पिल्लं काही महिनेही बसून राहतात. ग्रामोस्टोला तर या बाबतीत प्रसिद्धच आहे.

या काळात बिळ उकरू नका. हे मी कळकळीनं सांगतो, कारण पिल्लं दगावतात ती उपासापेक्षा आपल्या काळजीनं जास्त. आणि एखाद्या सकाळी पिल्लू पाठीवर उताणं, पाय वर करून पडलेलं दिसलं, तर ते मेलेलं नाही. ते कात टाकत आहे. मेलेला कोळी सहसा पालथाच असतो आणि पाय पोटाखाली आवळलेले असतात. उताण्या पिल्लाला हात लावू नका, सुलटं करू नका, फुंकर मारू नका, पाणी शिंपडू नका. त्याच्या खाली जी जाळ्याची चादर दिसते ती त्यानं स्वतः विणलेली असते. तिच्यावर त्याला तासन् तास पडू द्या.

कात निघाल्यावर सुळे पांढरे दिसतात, मग तांबूस होतात आणि शेवटी काळे. काळे होईपर्यंत खायला देऊ नका, कारण मऊ सुळा किड्याच्या कवचावर वाकतो किंवा मोडतो. लहान पिल्लाला साधारण आठवडा लागतो, मोठ्याला दोन आठवडे किंवा जास्त. कातीनंतर पोट बारीक दिसतं. तेव्हा लगेच किडा टाकायचा मोह आवरा आणि पाणी ठेवा.

पाणी

खाणं थांबलं म्हणून माणसं घाबरतात आणि पाण्याकडे दुर्लक्ष होतं. नेमकं उलट व्हायला हवं. भरल्या पोटाचं पिल्लू आठवडेच्या आठवडे न खाता राहील, पण कोरड्या डब्यात काही दिवसांतच हातचं जाईल. लहान पिल्लाची कातडी पातळ असते आणि पाणी धरून ठेवणारा मेणाचा थर मोठ्या कोळ्यासारखा पुरेसा नसतो. अंगातलं पाणी सतत उडत राहतं.

कोळ्याचे पाय आत ओढायला स्नायू असतात, पण मुख्य सांधे उघडतात ते रक्तद्रवाच्या दाबानं. अंगातलं पाणी कमी झालं की दाब पडतो, पाय उघडत नाहीत आणि मुडपून पोटाखाली जातात. म्हणून पाय मुडपलेलं पिल्लू पाहिलं की पहिली शंका तहानेची घ्यायची. मरायला टेकलेलं पिल्लूही असंच दिसतं, पण तहानेवर उपाय आपल्या हातात असतो.

बाटलीचं झाकण पाण्यानं भरून ठेवा. इतक्या लहान डब्यात पिल्लू बुडेल अशी भीती असते, पण अंगावरचे केस हवा धरून ठेवतात आणि उथळ झाकणात ते बुडत नाही. स्पंज किंवा कापूस ठेवू नका, त्यात घाण आणि जंतू साठतात. झाकणही मावत नसेल इतका डबा लहान असेल तर भिंतीवर दोन-चार थेंब सोडा. पिल्लं ते थेंब पितात.

माती, म्हणजे बहुतेकांकडे कोको पीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), सगळीच चिंब करायची नाही. ड्रॉपर किंवा सुई काढलेली सिरिंज कडेनं खाली घालून तळाचा थर एका बाजूला ओला करा. वरचा थर आणि दुसरी बाजू कोरडी राहू द्या. मग कुठे बसायचं ते पिल्लू स्वतः निवडतं, आणि ते कुठे बसलं आहे यावरून तुम्हालाही कळतं. सतत ओल्या कोपऱ्याला चिकटलेलं असेल तर डबा कोरडा आहे. ओली माती टाळून भिंतीवर लटकलेलं असेल तर ओल जास्त झाली आहे. फवारा मारायचाच असेल तर तो पिल्लाच्या अंगावर जाऊ देऊ नका. त्यानं ते बिचकतं आणि पुढचे दोन दिवस बाहेर येत नाही.

पाय मुडपलेल्या पिल्लाला मऊ ब्रशनं अलगद सरकवून तोंड पाण्याच्या कडेला लागेल असं ठेवा. श्वास घ्यायच्या फटी पोटाच्या खालच्या बाजूला असतात, म्हणून पोट कोरड्यावरच हवं. तहान असेल तर काही तासांत पाय सैल होऊ लागतात आणि पोट भरतं. ओल्या टिश्यू पेपरच्या बंद डब्यात कोंडायची जुनी पद्धत मी सोडून दिली आहे. तिथे हवा कोंदते आणि पिल्लाला प्यायला पाणी मिळतंच असं नाही.

खाऊ केवढा, कुठला, कसा

पोट मध्यम आहे, कातीची चिन्हं नाहीत, पाणी आहे, तरी खात नाही. आता खाऊकडे बघायचं.

किडा पिल्लाच्या पोटाहून मोठा नको. दुकानातून आणलेले 'लहान' रातकिडे नखाएवढ्या पिल्लासाठी राक्षस असतात. तो राक्षस उड्या मारू लागला की पिल्लू बिळात शिरतं आणि तोंड बुजवून घेतं. मालकाला वाटतं खात नाही. खरं तर ते घाबरलेलं असतं.

यावर मला सर्वांत जास्त यश मेलेल्या खाऊनं मिळालं आहे. लहान पिल्लं फक्त शिकारच करतात असं नाही, आयतं मेलेलंही खातात. रातकिड्याची मागची जाड तंगडी किंवा मीलवर्मचा (खाऊ म्हणून मिळणाऱ्या भुंग्याच्या अळीचा) कापलेला तुकडा संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी ठेवा, दिवा मालवा आणि निघून जा. कापलेल्या बाजूचा ओलावा पिल्लाला कळतो. सकाळी तुकडा जागेवरून हललेला, आक्रसलेला किंवा बिळात ओढलेला दिसला तर खाल्लं असं समजा. तसाच पडून असेल तर उचलून टाका, नाहीतर बुरशी येते.

जिवंत किडा द्यायचा तर २४ तासांच्या आत बाहेर काढायचा. हा नियम मी एक पिल्लू गमावून शिकलो. रातकिडा रात्रभर डब्यात राहिला, पिल्लानं त्याच रात्री कात टाकली आणि मऊ अंगाच्या त्या पिल्लाला त्यानं कुरतडलं. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही. मीलवर्मही तसाच. तो मातीत शिरून दिसेनासा होतो आणि नको त्या वेळी वर येतो. देण्याआधी त्याचं डोकं चेचा.

टॅरँट्युलाला आठ डोळे असले तरी दिसतं कमीच. शिकार त्याला कळते ती जमिनीच्या आणि जाळ्याच्या थरथरीतून. डुबिया झुरळाचं पिल्लू मातीत दबून निपचित राहतं, मग ते शेजारी असूनही कोळ्याला पत्ता लागत नाही. अशा वेळी खाऊ बदलून बघा. अगदी लहान पिल्लांना उडता न येणाऱ्या फळमाश्या चालतात. त्या सतत चालत राहतात आणि जाळं हलवत राहतात.

बागेतले किंवा घरातले किडे पकडून देऊ नका. त्यांनी कुठलं कीटकनाशक चाटलंय ते कळायला मार्ग नसतो.

जागा आणि आसपास

पिल्लू नव्यानं आलं असेल किंवा डबा बदलला असेल तर एक-दोन आठवडे ते खाणार नाही हे धरूनच चाला. पहिले चार-पाच दिवस तर खाऊ देऊच नका, फक्त पाणी. खात नाही म्हणून डबा बदलायचा, मग पुन्हा खात नाही म्हणून आणखी एक डबा, या चक्रात अडकलेले पुष्कळ लोक मी पाहिले आहेत. प्रत्येक बदलाला पिल्लू पुन्हा पहिल्यापासून जागा समजून घेतं.

बीळ करणाऱ्या जातीला माती खोल हवी, झाडावर राहणाऱ्या जातीला सालीचा उभा तुकडा. लपायला जागा नसलेलं पिल्लू सतत सावध असतं आणि सावध पिल्लू खात नाही. डबा फार मोठा असला तर पिल्लाला त्यानं इजा होत नाही, पण खाऊ आणि पिल्लू यांची गाठ पडत नाही. डब्याखाली स्पीकर किंवा यंत्राची घरघर येत नाही ना, हात लावून पाहा.

आता एक गोष्ट जी फुकट तपासता येते आणि जवळजवळ कुणालाच आठवत नाही. त्या खोलीत डास मारायचं लिक्विड यंत्र, अगरबत्ती किंवा झुरळांचा स्प्रे वापरता का? कुत्र्या-मांजराच्या मानेवर पिसवांचं औषध लावून त्याच हातानं डबा उघडलात का? यांतल्या बऱ्याच उत्पादनांत पायरेथ्रॉइड गटातली द्रव्यं असतात. ती कीटकांच्या मज्जासंस्थेवर घाव घालतात आणि कोळ्यालाही सोडत नाहीत. आधी खाणं थांबतं, मग चाल बिघडते, मग झटके येतात. शंका असेल तर पिल्लाला लगेच दुसऱ्या, मोकळ्या हवेच्या खोलीत न्या आणि माती-भांडी सगळं नवं घाला.

ऊब आणि हवा

२२ ते २८ अंश सेल्सियसमध्ये बहुतेक जातींची पिल्लं व्यवस्थित खातात. त्याखाली गेलं की सगळं मंदावतं, भूकसुद्धा. थंडीत खाणं कमी झालं आणि पोट ठीक असेल तर काही करू नका. ऊब द्यायचीच तर खोली गरम करा. तापणारी चटई डब्याखाली ठेवू नका. उष्णता टाळायला कोळी खाली खणतो, आणि चटई खाली असेल तर तो जास्तच गरम जागी पोचतो. दिवा पिल्लाला वाळवतो.

हवेसाठी दोन समोरासमोरच्या बाजूंना भोकं हवीत, नुसती झाकणाला पुरत नाहीत. झाकण उघडल्यावर कोंदट वास आला तर ओल कमी करा, भोकं वाढवा. झाडावर राहणाऱ्या ॲव्हिक्युलेरियासारख्या जाती कोंदट ओलीत फार लवकर जातात.

तोंड आणि सुळे

ही सर्वांत अवघड तपासणी, आणि वरचं सगळं झाल्याशिवाय करू नका, कारण यात पिल्लाला हलवावं लागतं. हातात घ्यायचं नाही. पोटाची कातडी इतकी नाजूक असते की थोड्या उंचीवरून पडूनही ती फुटते. मऊ ब्रशनं त्याला पारदर्शक कपात चालत जाऊ द्या, कप वर धरा आणि खालून टॉर्च व भिंग लावून पाहा. मोबाइलवर फोटो काढून मोठा करून पाहिला तरी चालतं.

दोन्ही सुळे आहेत का? काळे आहेत का? एखादा मोडला असेल तर पिल्लू मारू शकत नाही, पण शोषू शकतं. किडा पूर्ण चेचून, थोडं पाणी घालून त्याचा लगदा तोंडाखाली ठेवा. पुढच्या कातीला सुळे बहुधा नवे येतात, तोवर असंच जगवायचं.

तोंडाभोवती किंवा सांध्यांत सावकाश सरकणारे गोल पांढरे ठिपके म्हणजे माइट, गोचिडाच्या जातकुळीतले अगदी बारीक जीव. माती बदला, डबा कोरडा करा. मातीत लांबट, पांढरे, स्पर्श होताच उडी मारणारे बारीक जीव दिसले तर ते स्प्रिंगटेल असतात. ते बुरशी खातात, त्यांना राहू द्या.

इथे हात थांबवा, डॉक्टर गाठा

तोंडाजवळ पांढरा चिकट लगदा, बहुधा वाईट वास, पिल्लू पायांच्या टोकांवर उभं आणि खाण्याला नकार: ही गोलकृमींची लागण असू शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये टॅरँट्युलाच्या तोंडात राहणाऱ्या अशाच एका कृमीचं वर्णन केलं आणि त्याला टॅरँटोबेलस जेफडॅनिएल्साय हे नाव दिलं. लागण झालेल्या कोळ्याचा सुळ्यांवरचा ताबा जातो आणि तो उपासमारीनं मरतो. यावर खात्रीचा उपाय नाही. त्याच दिवशी पिल्लू वेगळ्या खोलीत हलवा, त्याचे चिमटे-ब्रश वेगळे करा, बाकीच्या कोळ्यांना हाताळण्याआधी हात साबणानं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

पाणी देऊन २४ तास झाले तरी पाय मुडपलेलेच आहेत. कात अर्धी निघून दिवसभर अडकली आहे. चालताना झटके येत आहेत. कातीनंतर सुळे काळे झाले, तरी ते पाणीही पीत नाही आणि पोट रोज बारीक होत आहे, म्हणजे शोषक जठराचं जुनं अस्तर आत अडकलेलं असू शकतं. यांपैकी कशावरही घरी प्रयोग नको. अडकलेली कात ओढू नका, तिच्याबरोबर पाय आणि कातडीही येते. अंगातून पारदर्शक किंवा निळसर द्रव गळत असेल तर तेच त्याचं रक्त. जखमेवर कॉर्नफ्लोअर दाबा आणि लगेच निघा.

डॉक्टर कुठला, हेही महत्त्वाचं. कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात बहुधा कोळ्याचा अनुभव नसतो. सरपटणारे प्राणी, पक्षी असे वेगळे पाळीव प्राणी पाहणारा पशुवैद्य शोधा आणि जाण्याआधी फोनवर सरळ विचारा की टॅरँट्युला तपासला आहे का. जाताना पिल्लू छोट्या डब्यात टिश्यू पेपरच्या आधारानं न्या. सोबत पोटाचे आठवड्यावारी फोटो, शेवटची कात आणि खाण्याच्या तारखा असू द्या. कात न्यायची कारण सुळ्यांचं आणि जठराचं अस्तर नीट निघालं का, ते तिच्यात दिसतं.

आणि तपासताना खाजरे केस तुमच्या डोळ्यात गेले तर चोळू नका. भरपूर पाण्यानं धुऊन त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. ते केस बुबुळात रुततात आणि आपोआप निघत नाहीत.

पोट भरलेलं, पाणी समोर, चाल व्यवस्थित, तोंड स्वच्छ, अशा पिल्लासाठी मात्र दोन महिने उपास झाला तरी कुणाकडे जायची गरज नाही. डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून तिच्यावर दोनच तारखा लिहा: शेवटचं खाणं आणि शेवटची कात. आठवड्यातून एकदा संध्याकाळी एक तंगडी ठेवा, सकाळी उचला, पाणी बदला.